शिळं रक्त, ताजं रक्त

मागच्या शुक्रवारी हापिसात रक्तदान शिबिर होतं. एचआरचं मेल, कँटीनशेजारच्या हॉलमध्ये सहा खाटा, आणि रक्त देणाऱ्याला एक फ्रूटी, बिस्किटाचा पुडा आणि कीचेन. (माझ्याकडे अशा चार कीचेन झाल्यात. किल्ली एकच आहे.) शेजारच्या खाटेवर आमच्या टीममध्ये नुकताच लागलेला एक पोरगा होता. पहिल्यांदाच देत होता, त्यामुळे सुईकडे न बघता सारखा बोलत होता. त्याने ब्लड बँकेच्या ताईंना विचारलं, "हे आज रात्रीच कुणाला तरी देणार ना? म्हणजे एकदम ताजं?"

ताई हसल्या. "नाही हो. आधी तपासण्या होतात, मग फ्रीजमध्ये राहते पिशवी. लागेल तेव्हा जाते. महिनाभर सुद्धा राहते कधीकधी."

पोराचा चेहरा पडला. "म्हणजे शिळं देतात?"

एरवी मी अशा ठिकाणी लगेच ज्ञान पाजळायला लागतो. त्या दिवशी गप्प बसलो. कारण हाच प्रश्न मी स्वतः २०१९ साली विचारला होता, आणि याच्यापेक्षा बराच मोठ्या आवाजात विचारला होता. तर हा विकांत त्या प्रश्नावर. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर. अमरावतीहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की बडनेऱ्याच्या पुढे येतं. टेकडीवर खंडेश्वराचं जुनं हेमाडपंथी देऊळ, खाली गाव, आणि भोवती कपाशी, तूर, सोयाबीन. २०१९ च्या जानेवारीत आमच्या मोठ्या बाबांचं (म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं) नागपूरला बायपासचं ऑपरेशन झालं. मी तेव्हा नुकताच हिंजवडीला लागलो होतो. इंजिनियर, त्यातून इंग्रजी येणारा, त्यातून मोबाईलवर काहीही शोधून काढणारा. घरच्यांच्या लेखी मी जवळजवळ डॉक्टरच होतो. मोठी माय म्हणाली, "बापू, तुले समजते ना त्याईचं इंग्रजी, तूच पाह्य सगळं."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी, ३ जानेवारीला, हिमोग्लोबिन उतरलं म्हणून रक्त द्यायचं ठरलं. चिठ्ठी घेऊन मी ब्लड बँकेत गेलो, थर्मोकोलच्या डब्यात पिशवी घेतली आणि लिफ्टमध्ये उगाच डबा उघडून लेबल वाचलं. रक्त घेतल्याची तारीख ०६/१२/१८, संपण्याची तारीख १७/०१/१९. म्हणजे २८ दिवसांचं रक्त!

मी आयसीयूत गेलोच नाही. बाहेरच्या बाकावर बसलो आणि गूगलबाबाला विचारलं. पहिल्याच पानावर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचा २००८ चा पेपर. विषय काय, तर हृदयाच्या ऑपरेशननंतर दिलेल्या रक्ताचं वय. निष्कर्ष काय, तर १४ दिवसांपेक्षा जुनं रक्त मिळालेले पेशंट जास्त मेले. आणखी काय पाहिजे? गावाकडे फोन लावला. तिकडून एक म्हातारे नातेवाईक म्हणाले, "शिळी भाकर खाऊ लेका, पन शिळं रगत काहून घ्याचं?" झालं. सिस्टरशी वाद, मग ज्युनियर डॉक्टरशी वाद, मग डबा काखोटीला मारून परत ब्लड बँकेत. तिथल्या टेक्निशियनला मी मोबाईलवरचा पेपर दाखवला. त्याने तो वाचला नाही, घड्याळाकडे बघितलं.

"तुम्ही नेऊन तासाच्या वर झाला," तो म्हणाला. "फ्रीजबाहेर अर्ध्या तासावर गेलेली पिशवी परत ठेवता येत नाही साहेब. ही गेली आता."

त्याने रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि पिशवी बाजूच्या पिवळ्या डब्यात टाकली. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मला ताजं रक्त पाहिजे होतं आणि ते मिळणार होतं, कारण गावाकडून सहा पोट्टे काळीपिवळी करून आधीच निघाले होते.

आता इतिहासाकडे वळू. कारण रक्त 'शिळं' होऊ शकतं, ही कल्पनाच मुळात शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडची नाही. त्याआधी रक्त साठवताच येत नव्हतं. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट शोधून काढले तेव्हाही रक्त द्यायचं म्हणजे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला शेजारी झोपवून एकाची धमनी दुसऱ्याच्या शिरेला जोडायची. बाटलीत काढलं की काही मिनिटांत गोठणार. १९१४-१५ च्या सुमाराला ब्रुसेल्समध्ये हस्टिन, ब्युनोस आयर्समध्ये अगोटे आणि न्यूयॉर्कमध्ये लुइसन अशा तिघांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की सोडियम सायट्रेट घातलं तर रक्त गोठत नाही. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं आणि गोठण्याची साखळी तिथेच अडकते. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस आणि टर्नर यांनी त्यात साखर घातली. लाल पेशी जिवंत असतात, त्यांना खायला लागतं. साखर मिळाल्यावर त्या आठवडेच्या आठवडे टिकायला लागल्या. (राउसना पुढे १९६६ मध्ये नोबेल मिळालं, पण ते कॅन्सरच्या विषाणूसाठी. या कामाबद्दल त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.)

प्रयोगशाळेतलं हे कौशल्य माणसांवर वापरायला निमित्त झालं पहिल्या महायुद्धाचं. राउसच्या हाताखाली काम केलेला ओस्वाल्ड रॉबर्टसन नावाचा तरुण डॉक्टर अमेरिकन सैन्याबरोबर फ्रान्सला गेला होता. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये काँब्रेच्या लढाईत त्याने आधीच काढून ठेवलेलं 'ओ' गटाचं रक्त बर्फ आणि भुसा भरलेल्या खोक्यात घालून आघाडीवर नेलं. खोकी कसली, तर तोफगोळ्यांची. ऑपरेशन सोसणार नाही इतक्या खालावलेल्या २० जखमींना ते दिलं, त्यातले ११ वाचले. त्याने वापरलेल्या रक्तात २६ दिवसांपर्यंतचं जुनं रक्त होतं. हा आकडा मी दोनदा वाचला. १९१७ मध्ये, खंदकात, फ्रीज नसताना २६ दिवस! आणि मी नागपुरात एसी कॉरिडॉरमध्ये बसून २८ दिवसांच्या पिशवीला नाकं मुरडत होतो.

पुढची मजल स्पेनच्या यादवी युद्धात. बार्सिलोनात दुरान जोर्दा आणि माद्रिदमध्ये कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी शहरात रक्त गोळा करून गाड्यांतून आघाडीवर पोचवायची व्यवस्था लावली. हेच बेथून पुढे चीनमध्ये गेले आणि १९३९ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या हॉस्पिटलची जबाबदारी नंतर ज्यांच्याकडे आली ते आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. शांतारामबापूंच्या सिनेमामुळे कोटणीस आपल्याला माहीत असतात, बेथून नसतात. असो.

'ब्लड बँक' हा शब्द १९३७ चा, शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमधल्या बर्नार्ड फँटस यांचा. भरा आणि काढा, सरळ बँकेसारखं. आपल्याकडे कलकत्त्यात १९४२ मध्ये, म्हणजे पुन्हा युद्धाच्याच काळात, ब्लड बँक सुरू झाली. मुंबईत १९५४ पासून लीला मुळगावकरांनी (टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या पत्नी) स्वेच्छा रक्तदानाची मोहीम हाती घेतली. आपण ज्याला आज 'शिबिर' म्हणतो, ती फ्रूटी-बिस्किटाची परंपरा तिथपर्यंत मागे जाते.

पण मला ज्याची उत्सुकता होती तो प्रश्न वेगळा. पिशवीवरची ती शेवटची तारीख ठरवली कुणी आणि कशावरून?

१९४३ मध्ये इंग्लंडमध्ये लाउटिट आणि मॉलिसन यांनी सायट्रेट, आम्ल आणि साखर यांचं एक सुधारित मिश्रण काढलं. त्यात रक्त २१ दिवस चालायला लागलं. १९७९ मध्ये अमेरिकेत सीपीडीए नावाच्या मिश्रणाला परवानगी मिळाली, त्यात अ‍ॅडेनिन होतं, त्याने मुदत ३५ दिवसांवर गेली. त्याच सुमाराला स्वीडनच्या हॉगमन यांनी प्लाझ्मा काढून घेतल्यावर लाल पेशींत घालायचं वेगळं द्रावण काढलं, त्याची मुदत ४२ दिवस. आपल्याकडच्या पिशव्यांवर हेच दोन आकडे असतात, ३५ नाहीतर ४२.

आता ही मुदत ठरवायची परीक्षा बघा. साठवलेल्या लाल पेशींना खूण लावायची, माणसाच्या अंगात सोडायच्या आणि २४ तासांनी किती उरल्या ते मोजायचं. आधी ७० टक्के उरल्या तर पास होतं, नंतर अमेरिकेत ते ७५ टक्के केलं. शिवाय पिशवीत फुटलेल्या पेशींचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या आत पाहिजे. बस. ज्याला रक्त दिलं तो पेशंट बरा झाला का, घरी गेला का, हा प्रश्न त्या परीक्षेत कुठेच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट पास झाली म्हणून थेट प्रॉडक्शनला टाकलं, आणि पन्नासेक वर्षं कुणी युजरला विचारलंच नाही.

बरं, शंका यायला कारण होतं. पिशवीत रक्त नुसतं पडून राहत नाही, बदलत राहतं. १९५४ मध्येच व्हाल्टिस आणि केनेडी यांनी ग्लासगोतून दाखवलं होतं की साठवलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन पकडतं घट्ट, पण सोडत नाही लवकर. त्याचं कारण पुढे कळलं. २,३-डीपीजी नावाचा एक रेणू हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला भाग पाडतो, आणि साठवणीत दोनेक आठवड्यांत तो जवळजवळ संपतो. (अंगात गेल्यावर दोन-तीन दिवसांत परत तयार होतो, हे आपण विसरतो.) पोटॅशियम पेशीतून बाहेर झिरपतं. मधे खोलगट असलेली लवचीक तबकडी हळूहळू काटेरी गोळ्यासारखी होते. काही पेशी फुटतात, त्यातून सुटलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. डॉक्टर मंडळी या सगळ्याला मिळून 'स्टोरेज लीजन' म्हणतात. हे वाचून कुणालाही वाटेल की जुनं रक्त वाईटच असणार.

त्यात हृदयाच्या सर्जरीत ताज्या रक्ताची सवय जुनी आहे, आणि तिला एकेकाळी चांगलं कारण होतं. गिबन यांनी १९५३ च्या ६ मे रोजी हार्ट-लंग मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात ते मशीन आधी रक्तानेच भरून घ्यावं लागायचं. एका ऑपरेशनसाठी बाटल्याच्या बाटल्या, त्याही ताज्या, आणि त्यासाठी पहाटेपासून रांगेत उभे केलेले रक्तदाते. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं, तो हाच काळ. रक्त तेव्हा अख्खं द्यायचे. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट फ्रीजमधल्या अख्ख्या रक्तात एक-दोन दिवसांपलीकडे कामाच्या राहत नाहीत. त्यामुळे मशीनवरून उतरलेल्या, रक्त न थांबणाऱ्या पेशंटला ताजं रक्त द्या म्हणणारा सर्जन तेव्हा बरोबरच होता. पुढे रक्ताचे भाग वेगळे करायची सोय झाली. लाल पेशी फ्रीजमध्ये, प्लाझ्मा गोठवून, आणि प्लेटलेट २२ अंशांच्या आसपास हलत्या ट्रेवर पाच दिवस. कारण गेलं तरी सवय राहिली. 'ताजं आणा' हे वाक्य सर्जनकडून सिस्टरकडे, सिस्टरकडून नातेवाइकांकडे आणि नातेवाइकांकडून आमच्या गावापर्यंत पोचलं.

आता तो २००८ चा पेपर. मार्च महिना, क्लीव्हलँड क्लिनिक, मुख्य लेखिका डॉ. कोलीन कोच. १९९८ ते २००६ मध्ये तिथे हृदयाची ऑपरेशनं झालेल्या ६,००२ पेशंटची जुनी रेकॉर्डं त्यांनी काढली. फक्त १४ दिवसांपर्यंतचंच रक्त मिळालेले २,८७२ आणि फक्त १४ दिवसांपेक्षा जुनंच रक्त मिळालेले ३,१३०. हॉस्पिटलात मृत्यू पहिल्या गटात १.७ टक्के, दुसऱ्यात २.८ टक्के. वर्षभरात मृत्यू ७.४ टक्के आणि ११ टक्के. तीन दिवसांपेक्षा जास्त व्हेंटिलेटर, किडनी निकामी होणं, सेप्सिस, सगळं जुन्या रक्तात जास्त. जगभर बातम्या झाल्या. हे आकडे बघून २०१९ मध्ये माझे हात थरथरले होते, खोटं कशाला सांगू.

पण हा सगळा लॉग वाचून काढलेला निष्कर्ष होता. प्रॉडक्शनचे लॉग बघून 'अमुक सर्व्हरवर एरर जास्त येतात' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या सर्व्हरवर मुळात कसला लोड जात होता हे बघावं लागतं. कोणाला नवीन पिशवी मिळाली आणि कोणाला जुनी, हे तिथे नाणं उडवून ठरलेलं नव्हतं. दोन्ही गटांत रक्तगटांचं प्रमाण सारखं नव्हतं. हृदयाचा डावा कप्पा कमजोर असलेले पेशंट जुन्या रक्ताच्या गटात जास्त होते. पेपर छापून आल्यावर इतर डॉक्टरांनी पत्रं लिहून नेमकं हेच दाखवलं. खुद्द लेखकांनीही नाणं उडवून करायच्या चाचणीची गरज आहे हे नाकारलं नव्हतं.

आणि मग ती नाणं उडवायची कामं झाली. हा या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. कारण हे करणं सोपं नाही. 'तुमच्या वडिलांना ताजं द्यायचं की जुनं, हे आम्ही कॉम्प्युटरवर चिठ्ठी टाकून ठरवू' असं आयसीयूच्या दारात कुणाला तरी सांगावं लागतं, आणि त्या माणसाने हो म्हणावं लागतं. मला कुणी असं म्हणालं असतं तर मी काय केलं असतं ते वर आलंच आहे. हजारो लोक हो म्हणाले.

२०१५ मध्ये अमेरिकेतली रिसेस नावाची चाचणी आली. बरोबर आपलाच विषय, हृदयाचं ऑपरेशन. १,०९८ पेशंट, अर्ध्यांना १० दिवसांपर्यंतचं रक्त, अर्ध्यांना २१ दिवस किंवा त्याहून जुनं. प्रत्यक्षात मधला आकडा ७ दिवस आणि २८ दिवस निघाला. (२८! माझी पिशवी.) शरीरातले अवयव किती बिघडले याचा गुणांक काढला, तो दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच, ८.५ आणि ८.७. महिनाभरातले मृत्यू ४.४ आणि ५.३ टक्के, म्हणजे योगायोगाने पडेल एवढाच फरक. सात दिवसांतले मृत्यू तर ताज्या रक्तातच किंचित जास्त होते, २.८ आणि २.०, तोही फरक तसाच योगायोगाचा. त्याच अंकात एबल नावाची दुसरी चाचणी, अत्यवस्थ असलेल्या २,४३० पेशंटची. तीन महिन्यांतले मृत्यू ताज्यात ३७ टक्के, जुन्यात ३५.३. २०१६ मध्ये इन्फॉर्म, चार देशांत, मुख्य हिशोबात २०,८५८ पेशंट. ताज्यात ९.१ टक्के, जुन्यात ८.७. २०१७ मध्ये ट्रान्सफ्यूज, ४,९१९ पेशंट, २४.८ आणि २४.१. मी हे आकडे एका एक्सेलमध्ये टाकून बघितले तेव्हा हसू आलं, इतके ते एकमेकांना चिकटून आहेत.

आमच्या भागातल्या माणसाला सगळ्यात जवळची वाटेल ती चाचणी मात्र युगांडातली. कंपालात, २०१५ मध्येच. तीव्र अ‍ॅनिमियाने रक्तात लॅक्टिक आम्ल वाढलेली २९० लहान मुलं. अर्ध्यांना १ ते १० दिवसांचं रक्त, अर्ध्यांना २५ ते ३५ दिवसांचं. जुनं रक्त ऑक्सिजन सोडत नसेल तर इथे ते उघडं पडायलाच पाहिजे होतं. नाही पडलं. आठ तासांत दोन्हीकडची मुलं सारखीच सावरली.

म्हणजे २०१९ च्या त्या संध्याकाळी, मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो तेव्हा, हे सगळं छापून आलेलं होतं. दोन ते चार वर्षं आधी. मी गूगलवर पहिला निकाल उघडला आणि तिथेच थांबलो. कारण तो माझ्या बाजूचा होता.

याच्यापुढचा भाग मला बराच उशिरा, म्हणजे गेल्या वर्षी कळला आणि खरं सांगायचं तर तो वाचून रात्री झोप लागली नाही.

जपानमध्ये १९५० च्या दशकापासून एक विचित्र आजार डॉक्टरांच्या नोंदींत येत होता. ऑपरेशन झालेला, सुधारत असलेला पेशंट. दहा-बारा दिवसांनी एकदम ताप, सगळ्या अंगावर लाल पुरळ, जुलाब, मग रक्तातल्या पेशी कोसळायच्या आणि माणूस दगावायचा. दहातले नऊहून जास्त. पेशंट बरेचसे हृदयाच्या ऑपरेशनचे. तिथल्या एका पाहणीत साधारण ६६० हृदयाच्या ऑपरेशनांमागे एक असं हे प्रमाण निघालं. १९८० च्या दशकात उलगडा झाला. दिलेल्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी पेशंटच्या अंगात रुजत होत्या आणि त्याच्याच शरीरावर तुटून पडत होत्या. एरवी आपलं शरीर परक्या पांढऱ्या पेशी ओळखून मारून टाकतं. पण देणारा जवळचा नातेवाईक असला तर ओळख फसू शकते, त्या पेशी 'घरच्या' वाटतात. आणि रक्त जितकं ताजं, तितक्या त्या पेशी जास्त जिवंत. म्हणजे ताजं रक्त आणि तेही नात्यातलं, हे दोन्ही एकत्र आलं की धोका. फ्रीजमध्ये काही दिवस राहिलं की या पेशी मरत जातात. म्हणजे शिळेपण इथे उलट कामाला येतं! जपानने मग अशा रक्ताला रेडिएशन द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो आजार आटोक्यात आला.

आता काळीपिवळीतून आलेल्या त्या सहा पोट्ट्यांकडे या. त्यातले चौघे मोठ्या बाबांचे सख्खे पुतणे आणि भाचे. रक्त देऊन झाल्यावर मीच काउंटरवर भांडलो होतो, 'आमच्याच पोरांचं द्या, आम्हाला खात्री आहे त्यांची.' चाचण्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या चुलत भावाची पिशवी त्यांना चढवली गेली. त्या पिशवीला रेडिएशन दिलं होतं की नाही, मी विचारलंच नाही. असा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हतं.

काही झालं नाही. अशा घटना विरळाच, आणि मोठे बाबा आज ठणठणीत आहेत, तुरीला पाणी द्यायला रात्री शेतात जातात आणि मोठ्या मायची बोलणी खातात. पण मी त्यांना वाचवायला म्हणून जे जे केलं, त्यातली एकही गोष्ट त्यांच्या फायद्याची नव्हती, एवढं मात्र आता नक्की कळलंय. त्यांना एक दिवस रक्ताशिवाय काढावा लागला, तो वेगळाच.

लगेच उलट्या टोकालाही जाऊ नका बरं का. नवजात बाळाचं सगळं रक्त बदलायचं असेल तर पोटॅशियममुळे ताजं रक्तच बघतात. थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर रक्त लागतं, त्यांना ताज्या पेशी दिल्या तर त्या अंगात जास्त दिवस टिकतात आणि पुढची फेरी लांबते, म्हणून तिथेही शक्यतो ताजं. आणि या मोठ्या चाचण्यांमध्ये अगदी शेवटच्या आठवड्यातलं, म्हणजे ३५ ते ४२ दिवसांचं रक्त फार थोड्यांना मिळालं होतं. न्यूयॉर्कमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या एका अभ्यासात (२०१७) सहा आठवड्यांच्या पिशवीतल्या पेशी अंगात गेल्यावर जास्त फुटताना दिसल्या. तेव्हा ४२ या आकड्यावर वाद चालू आहे. २८ वर नाही.

या सगळ्याचा आपल्या जिल्ह्यांशी संबंध काय, तर खूप आहे. रक्तदानात महाराष्ट्र देशात कायम पुढे असतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज खटल्यात निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणं बंद झालं. तोपर्यंत मोठ्या शहरांत हॉस्पिटलांबाहेर रक्त विकणारे ठरलेले लोक असत. त्यानंतर सगळी भिस्त शिबिरांवर आली. आणि आपली शिबिरं कधी होतात? १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, गणपती, ६ डिसेंबर, शिवाय नेत्यांचे वाढदिवस. त्या दिवशी पिशव्या ठेवायला जागा नसते. मग मे महिना येतो. कॉलेजं बंद, हापिसं सुट्टीवर, वऱ्हाडात ऊन ४५ अंशांवर, आणि ब्लड बँकांची आवाहनं पेपरात. एका दिवसात आलेलं रक्त पुढचे पाच-सहा आठवडे पुरवायचं, ही सगळी कसरत फक्त एका नियमावर चालते. जुनी पिशवी आधी बाहेर. इंजिनियर मंडळी ज्याला फिफो म्हणतात तेच.

प्रत्येक नातेवाईक 'ताजी द्या' म्हणाला तर ही रांग उलटी होते. नवीन पिशव्या आधी जातात, जुन्या मागे राहून मुदत संपून फेकल्या जातात. आणि ज्याच्या घरून सहा पोट्टे गाडी करून येऊ शकत नाहीत, धारणीहून एकटी आलेली बाळंतीण समजा, तिच्यासाठी फ्रीजमध्ये काहीच उरत नाही. क्लीव्हलँडच्या पेपरवरून अमेरिकेत नुसती चर्चा झाली असेल. आपल्याकडे त्याच वाक्याची किंमत अशी रोकडी मोजावी लागते.

त्या टेक्निशियनने हे मला सांगितलं असतं तर? सांगितलं असेलही. मला फक्त त्याचं घड्याळाकडे बघणं आठवतं.

आणि ती तारीख. ०६/१२/१८. पिशवीवर देणाऱ्याचं नाव नसतं, फक्त नंबर. पण ६ डिसेंबरला रक्त घेतलं म्हणजे महापरिनिर्वाण दिनाचं कुठलं तरी शिबिर असणार, नागपुरातलं किंवा आसपासच्या एखाद्या तालुक्याचं. कुणीतरी त्या दिवशी सकाळी अभिवादनाला आलं असेल, रांगेत उभं राहिलं असेल, बाही वर केली असेल, केळं आणि चहा घेऊन घरी गेलं असेल. २८ दिवस ते रक्त शाबूत होतं. शेवटचा एक तास माझ्या मांडीवर होतं.

सोमवारी दुपारी कँटीनमध्ये तो नवीन पोरगा परत समोर आला. हातावरची पट्टी काढली होती, जागा जरा काळीनिळी झाली होती. मी त्याला रिसेसपासून युगांडापर्यंत सगळं सांगितलं, डबा आणि बाक सोडून. मग तेही सांगितलं. तो बराच वेळ पोळी-भाजी चिवडत बसला आणि म्हणाला, "माझी पिशवी कधी संपते म्हणजे?"

मी मोबाईलवर दिवस मोजून तारीख सांगितली. त्याने ती कॅलेंडरमध्ये टाकून घेतली. का, ते मी विचारलं नाही.